गुडघ्यातील चंद्रकोर

मराठी भाषेने गुडघ्याला फार राबविले आहे. लग्नाला उतावीळ झालेल्याच्या गुडघ्याला तिने बाशिंग बांधले, मूर्खाचा मेंदू गुडघ्यात नेऊन ठेवला, आणि आपल्याच माणसाची बाजू घेणाऱ्याला ‘गुडघे शेवटी पोटाकडेच वळायचे’ असे म्हणून मोकळे सोडले. परंतु ज्याच्यावर एवढा भार टाकला, त्या सांध्याच्या पोटात आहे तरी काय, याची विचारपूस मात्र तिने फारशी केली नाही. वाटी सरकली, वंगण संपले, गादी फाटली, एवढ्यातच आपले गुडघ्याचे शरीरशास्त्र आटोपते. आमच्या भंडाऱ्याकडे तर गुडघ्याला गुडघाही म्हणत नाहीत, टोंगळा म्हणतात. आणि टोंगळा धरला की माणूस घरी बसला, एवढे ज्ञान व्यवहाराला पुरते.

हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. आषाढात रोवणा लागला म्हणजे बाया पोटरीभर चिखलाच्या बांधीत उभ्या राहून, कंबरेत वाकून, दिवसभर पऱ्हे लावीत मागे मागे सरकतात. चिखलाने पाऊल धरून ठेवलेले असते आणि शरीर दुसरीकडे वळलेले असते. मधल्या गुडघ्याने कोणाचे ऐकावे? आंधळगाव-मोहाडीकडचा कोष्टी कोशाच्या मागावर बसतो, मांडीवर सूप घेऊन बिडी वळणारी बाई तासन्‌तास मांडी मोडीत नाही, तुमसर तालुक्यातील चिखल्याच्या खाणीत माणसे जमिनीच्या पोटात उतरून मँगनीज काढतात. आणि दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. तीही गुडघ्यांच्याच जिवावर.

अलीकडे या घरांतून एक नवी वस्तू दिसू लागली आहे. लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, लग्नाच्या अल्बमशेजारी, एक भले मोठे पाकीट असते. आत काळी चकचकीत फिल्म आणि सोबत इंग्रजी अहवाल. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकविणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. परंतु गावात इंग्रजी कागद आला की तो मास्तरकडे यावयाचा, या रिवाजाने ही पाकिटे माझ्या ओट्यावर येतात. त्यांतील एक शब्द मला आता पाठ झाला आहे: मेनिस्कस. त्याच्या पुढे बहुधा ‘टिअर’, म्हणजे फाट, असे लिहिलेले असते. ‘गादी फाटली’ असे मी मराठीत सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. फाटलेले एक तर शिवावे, नाही तर कापून टाकावे, हे त्याला धोतर-लुगड्यावरून ठाऊक असते. आणि मग त्याच रात्री कोणता दागिना गहाण टाकायचा याचा हिशेब सुरू होतो. म्हणून या फाटीला माणसाने केव्हा, कसे आणि कोणत्या डोळ्याने पाहिले, याचा मी शोध घेऊ लागलो. शोध घेता घेता जे हाती आले ते एखाद्या कादंबरीला पुरेल एवढे आहे.

‘मेनिस्कस’ हा शब्द ग्रीकांचा. अर्थ ‘लहानसा चंद्र’, आपल्या भाषेत चंद्रकोर. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन चंद्रकोरी असतात, एक आतल्या बाजूस, एक बाहेरच्या. मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलसर, आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. गोल घागर सपाट जागी ठेवायची तर खाली चुंबळ लागते. तशीच ही कूर्चेची चुंबळ निसर्गाने तेथे ठेवली आहे. घागरीचा भार तिच्यामुळे एका बिंदूवर न पडता सभोवार वाटला जातो. डोक्यावर पाणी वाहिलेल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. युरोपातील शस्त्रवैद्यांना ते समजावयास मात्र फार वर्षे लागली.

आपल्याकडे सुश्रुताने शरीरातील एकशे सात मर्मे मोजली, त्यांत मांडी आणि नडगी यांच्या सांध्यावर ‘जानु’ हे मर्म सांगितले, आणि त्याला इजा झाली तर माणूस लंगडा होतो असे बजावले. सुजून टम्म झालेल्या गुडघ्याला त्याने क्रोष्टुकशीर्ष म्हटले, म्हणजे कोल्ह्याचे डोके. ज्याने सुजलेला टोंगळा पाहिला आहे त्याने या उपमेला दाद द्यावी. परंतु हे सारे बाहेरून पाहणे झाले. इंग्लंडात लीड्स येथील विल्यम हे नावाच्या शस्त्रवैद्याने १८०३ साली अडकणाऱ्या, लचकणाऱ्या गुडघ्याच्या या दुखण्याला ‘गुडघ्याचा अंतर्गत बिघाड’ असे नाव दिले. नाव भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ इतकाच की आत काहीतरी बिघडले आहे.

गुडघा उघडून ती चंद्रकोर प्रत्यक्ष हाताळण्याचे धाडस एडिंबरोच्या टॉमस अॅनंडेलने केले. तारीख १६ नोव्हेंबर १८८३. त्याच गावी त्याच्या आधी प्राध्यापक असलेल्या लिस्टरने जंतुनाशकांची वाट दाखवून ठेवली होती, म्हणूनच सांधा उघडण्याची हिंमत होऊ शकली. एरवी उघडलेला सांधा म्हणजे पू, आणि पू म्हणजे पाय किंवा प्राण. रोगी एक खाणकामगार होता. (गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्यांचे हे दुखणे; जर्मनीत तर ते खाणकामगारांचा व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्यात नोंदले गेले आहे.) अॅनंडेलने पाहिले की आतली चंद्रकोर पुढच्या बाजूने सुटली आहे. त्याने ती जागेवर ओढून घेतली आणि टाके घालून शिवली. लक्षात घ्या, कापली नाही, शिवली. ही गोष्ट पुढे शंभर वर्षे जवळजवळ कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

ती ध्यानात न राहण्याचे एक कारण म्हणजे १८९७ साली लंडनच्या ब्लँड-सटन या मोठ्या शस्त्रवैद्याने दिलेला निवाडा. गुडघ्यातील या चंद्रकोरी म्हणजे पायातील कुठल्याशा जुन्या स्नायूचे उरलेसुरले, निरुपयोगी अवशेष आहेत, असे त्याने लिहून ठेवले. निवाडा ज्या वेळी दिला गेला ती वेळ मोठी विचित्र होती. दोनच वर्षांपूर्वी माणसाला शरीराच्या आत पाहण्याचा नवा डोळा मिळाला होता.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रंटगेन आपल्या प्रयोगशाळेत एकटाच काम करीत होता. काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीतून वीज सोडली असता पलीकडे ठेवलेला रसायन माखलेला पडदा उजळला. न दिसणारे काहीतरी कागदातून आरपार जात होते. त्याचे स्वरूप ठाऊक नव्हते म्हणून त्याने बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव त्याला दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. २२ डिसेंबरला त्याने पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि एका बोटातली अंगठी त्यात स्पष्ट दिसते. पुढल्या काही महिन्यांत जगभरच्या रुग्णालयांत मोडलेली हाडे आणि अडकलेल्या गोळ्या पडद्यावर दिसू लागल्या. रंटगेनला १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही. आज जत्रेतल्या खेळण्याचेही पेटंट घेणारे लोक आहेत, असो.

हा डोळा मोठाच होता, पण त्याला हाडाचे वेड होते. हाडातील चुना क्ष-किरणांना अडवितो, म्हणून हाड पांढरे उमटते. चंद्रकोर पाण्याची आणि तंतूंची बनलेली. किरण तिच्यातून निघून जातात. गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात वर एक हाड, खाली एक हाड आणि मध्ये रिकामी काळी फट दिसते. ती फट रिकामी नाही, तेथेच चुंबळ आहे. पण जे चित्रात दिसत नाही ते नाही असे समजण्याची खोड माणसाला फार जुनी. चित्र सांगते, आत काही नाही. मोठे पंडित सांगतात, जे आहे ते निरुपयोगी. अशा दोन साक्षी पडल्यावर शिक्षा एकच उरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत गुडघा अडकू लागला की संपूर्ण चंद्रकोर काढून टाकणे हाच शिरस्ता झाला. अपुरी काढली तर उरलेला तुकडा त्रास देईल, म्हणून मुळापासून काढणारा तो कुशल, असे शिकविले जाई.

न दिसणारी वस्तू दिसावी म्हणून लोकांनी खटपटी मात्र कमी केल्या नाहीत. १९०५ च्या सुमारास युरोपात गुडघ्यात सुईने हवा भरून मग चित्र घेण्याचे प्रयोग झाले. हवेच्या पार्श्वभूमीवर चंद्रकोरीची कड अंधुक उमटे. पुढे हवेच्या जागी क्ष-किरणांना अडविणारे द्रव आले, आणि १९४८ साली स्वीडनच्या लिंडब्लोमने त्या पद्धतीची नीट घडी बसविली. फाटीत द्रव शिरला की चित्रात रेघ उठे. पण सांध्यात सुई खुपसावयाची, पाय नाना तऱ्हांनी वळवायचा. रोग्याला ही परीक्षा रोगाहून जड जाई.

लिव्हरपूलच्या मॅकमरेची तऱ्हा याहून साधी होती. रोग्याला उताणे निजवावे, गुडघा पुरता दुमडावा, टाच हातात धरून पाऊल वळवावे आणि पाय हळूहळू सरळ करीत न्यावा. सांध्यावर ठेवलेल्या बोटाला ‘कट्’ असा झटका लागला तर चंद्रकोर फाटलेली समजावी. १९२८ पासून सांगितली गेलेली ही परीक्षा आजही डॉक्टर करतात. यंत्राला जे दिसत नव्हते ते बोटाला ऐकू येत होते, असे मला वाटते. माझ्या ओट्यावर येणाऱ्यांपैकी ज्याच्या गुडघ्याला कोणीतरी असा हात लावून पाहिला आहे, त्याच्या पाकिटाकडे मी थोड्या विश्वासाने पाहतो.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्याला अगदी जवळची वाटावी अशी एक गोष्ट घडत होती. जपानी माणूस आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा. गुडघे दुमडून चटईवर बसल्यावाचून तेथे ना जेवण, ना पाहुणचार, ना पूजा. त्या काळी क्षयरोग गुडघ्यात शिरे आणि सांधा ताठ करून टाकी. इंग्रज माणसाचा गुडघा ताठ झाला तर तो पाय लांबवून खुर्चीवर बसेल. जपान्याचा झाला तर तो आपल्याच घरात परका होतो. टोकियोच्या प्राध्यापक केंजी ताकागी यांना म्हणून असे वाटले की रोग पुढे जाण्याआधीच गुडघ्याच्या आत डोकावता आले पाहिजे. १९१८ साली त्यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण एका मृत देहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड येथेही असे प्रयत्न झाले. पण ताकागींनी आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी हा ध्यास चाळीस वर्षे सोडला नाही. दुर्बीण बारीक करीत, दिवा बदलीत, वातानाबे यांनी एकविसाव्या क्रमांकाचे उपकरण सिद्ध केले आणि १९६२ साली त्या बारीक भोकातूनच चंद्रकोरीचा फक्त फाटलेला भाग कापून काढला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निमित्ताने तेथे गेलेले कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन ही विद्या त्यांच्याकडून शिकून गेले आणि पश्चिमेने ती त्यांच्याकडून उचलली. जमिनीवर बसणाऱ्या लोकांच्या गरजेतून ही विद्या निघाली, याची नोंद आपण जमिनीवर बसणाऱ्यांनी तरी ठेवावी.

ऑलिंपिकचे नाव निघाले म्हणून आपल्या एका गुडघ्याची आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या घराच्या मोलावर खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. १९५६ च्या मेलबर्नला ते जाऊ शकले नाहीत. गुडघ्याच्या भारी दुखापतीने त्यांना अडविले. पुढे ते पोलीस खात्यात नोकरी करीत राहिले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार २००० साली, मरणोत्तर, मिळाला.

मी या १९५६ सालापाशी नेहमी थबकतो. त्या काळी दुखावलेल्या मल्लाच्या गुडघ्यात पाहण्याची साधने कोणती होती? क्ष-किरणाचे चित्र, ज्यात हाडेच दिसावयाची. वैद्याची बोटे. आणि फार तर सांध्यात द्रव भरून घेतलेले चित्र. वातानाबे यांची ती शस्त्रक्रिया अजून सहा वर्षे दूर होती. आमच्या भागापुरते बोलावयाचे तर नागपूरचे मेडिकल कॉलेज सुरू होऊन तेव्हा नऊच वर्षे झाली होती. तालमीत गुडघा गेला की हळद-तेल, शेक, पट्टी, आणि मग एके दिवशी वस्ताद म्हणावयाचा, ‘आता बस.’ त्या ‘आता बस’मध्ये किती मल्ल, किती हुतूतूचे गडी बसून गेले याची गणती कोणत्याही आखाड्याच्या दप्तरात नाही.

मात्र चंद्रकोर निरुपयोगी नाही, हे तोवर सिद्ध झाले होते, आणि तेही तिला पाहू न शकणाऱ्या क्ष-किरणांनीच सिद्ध केले होते. १९४८ साली फेअरबँक नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने चंद्रकोर काढून टाकलेल्या लोकांना पुन्हा बोलावून त्यांच्या गुडघ्यांची चित्रे घेतली. त्याला तीन गोष्टी आढळल्या: हाडाच्या कडेला एक कंगोरा उगवतो, मांडीच्या हाडाची गोलाई चपटी होते, आणि मधली काळी फट अरुंद होत जाते. चुंबळ काढून घेतली, घागर टेकली, आणि घागरीचा बुडखा झिजू लागला. जी वस्तू चित्रात कधी दिसली नव्हती, तिचे नसणे चित्रात दिसले. घरातली म्हातारी असेतो तिची कामे कोणाला दिसत नाहीत, आणि गेल्यावर पहिल्या आठवड्यात सारी दिसतात, तसला हा प्रकार. फेअरबँकचा लेख थोड्याशा पानांएवढाच आवाज करून गेला. सरसकट चंद्रकोरी काढण्याची चाल त्यानंतरही पंचवीस-तीस वर्षे सुरूच होती. रूढी मोडावयास नुसता पुरावा पुरत नाही, हे शाळामास्तराला नव्याने शिकावे लागत नाही.

आता त्या काळ्या फिल्मकडे येऊ. तिचे मूळ १९४६ साली ब्लॉख आणि पर्सेल या दोघांनी अमेरिकेत निरनिराळ्या ठिकाणी लावलेल्या शोधात आहे. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचा प्रत्येक अणुगर्भ हा एक चिमुकला चुंबकच. त्याला मोठ्या चुंबकात ठेवले की तो एका ठरावीक लयीत डुलू लागतो. झाडाला बांधलेला झोका जसा त्याच्या लयीत लोटला तरच उंच जातो, भलत्या वेळी लोटला तर जात नाही, तसे या अणुगर्भांचे आहे. नेमक्या त्याच लयीच्या रेडिओलहरी सोडल्या की ते त्या शोषून घेतात, आणि लहरी थांबविल्या की घेतलेले परत देतात. कोणी लवकर देतो, कोणी सावकाश. पाणी कोणत्या घरात राहते त्यावर ते अवलंबून. या परतीच्या कुजबुजीवरून आतला नकाशा काढावयाचा. १९७३ साली पॉल लाउटरबर यांनी पाण्याच्या नळ्यांचे पहिले चित्र असे काढून दाखविले. इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते गणित वेगवान केले. आणि ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डमेडियन यांनी आपल्या एका साथीदाराला यंत्रात बसवून जिवंत माणसाच्या छातीचा पहिला छेद टिपला. त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले. २००३ चे नोबेल लाउटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळाले, डमेडियनना नाही. त्यांनी वर्तमानपत्रांत पान पान जाहिराती देऊन तक्रार मांडली. मोठ्या माणसांचे रुसवेही मोठे.

रोग्याला या यंत्राचा अनुभव येतो तो आवाजाचा आणि चुंबकाचा. नेहमीच्या यंत्रातील चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट जोरदार असतो. म्हणून अंगावरचे धातूचे सारे काढून ठेवावे लागते. आमच्या शेजारच्या काकूंना घेऊन मी एकदा नागपूरला गेलो होतो. आतल्या मुलीने नम्रपणे मंगळसूत्र काढावयास सांगितले, तर काकू म्हणाल्या, “काऊन वं बाई, टोंगयाच्या फोटूले गयातलं कायले काढा लागते?” ती मुलगी बिचारी चुंबकाचे शास्त्र सांगू लागली. शेवटी काकूंनी ते काढून माझ्या हातात न देता पदराच्या गाठीत बांधले, आणि पदरासकट आत निघाल्या, तेव्हा पुन्हा गाठ सोडावी लागली. अर्धा तास आत ठोकठोक चालली होती. बाहेर आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की मंडईतला डफड्याचा ताल याहून बरा असतो.

या यंत्रात चंद्रकोर प्रथमच स्वतःच्या रूपाने दिसली. तिच्यातील पाणी तंतूंनी इतके घट्ट धरलेले असते की त्याची कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून ती गडद काळी उमटते. बाजूने घेतलेल्या छेदात दोन काळ्या त्रिकोणांसारखी. फाट असली तर त्या काळ्यावर पांढरी रेघ येते. सुई नाही, चिरा नाही, क्ष-किरणांचा उपद्रवही नाही. १९८० नंतरच्या दशकात ही चित्रे गुडघ्याच्या कामी येऊ लागली आणि नव्वद वर्षांची काळी फट एकदाची बोलू लागली.

आणि बोलू लागली ती इतकी की थांबेना. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात संशोधकांनी पन्नास ते नव्वद वयाची ९९१ माणसे निवडली. गुडघा दुखतो म्हणून आलेली नव्हेत, सरसकट निवडलेली. सर्वांच्या गुडघ्यांची अशी चित्रे घेतली. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या बायांपैकी शेकडा १९ जणींच्या चंद्रकोरीत बिघाड होता, आणि सत्तरीपुढच्या पुरुषांत तो शेकडा ५६ वर गेला. खरी गंमत पुढेच आहे. ज्यांच्या चंद्रकोरी फाटल्या होत्या त्यांपैकी शेकडा ६१ जणांना मागल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. वयाबरोबर केस पांढरे व्हावेत तशी ती पांढरी रेघ अनेकांच्या गुडघ्यात उगवते, आणि त्यांना पत्ताही नसतो. मग दुखणाऱ्या गुडघ्यात रेघ सापडली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे कसे म्हणावयाचे?

फिनलंडच्या वैद्यांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. वयोमानाने चंद्रकोर फाटलेल्या, पस्तीस ते पासष्ट वर्षांच्या १४६ रोग्यांना त्यांच्या संमतीने शस्त्रक्रियागृहात नेले. चिठ्ठीप्रमाणे निम्म्यांचा फाटका भाग कापला. बाकीच्यांवर नुसते नाटक केले, उपकरणांचे आवाज, पायाची हालचाल, सारे तसेच, कापले काही नाही. कोणाचे काय झाले ते रोग्याला ठाऊक नाही. वर्षाने पाहिले तर दोन्ही गटांना सारखाच आराम पडला होता. हे २०१३ साली छापून आले. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचे वेड मोठे, पण नाटकाने गुडघा बरा होतो हे आम्हांलाही नवे होते.

यावरून कोणी सगळीच शस्त्रक्रिया थोतांड ठरवील तर तोही त्या ब्लँड-सटनचाच भाऊ. तरुण गुडघ्याची गोष्ट निराळी आहे. माझ्या वर्गात शिकून पुढे गेलेली एक मुलगी कबड्डीत चढाईवरून परतताना पाय रोवून वळली आणि खाली बसली. गुडघा वाकलेला तो सरळच होईना. क्ष-किरणाचे चित्र निर्मळ आले. घरच्यांनी ‘हाड शाबूत आहे’ म्हणून दोन आठवडे वाट पाहिली. मग नागपूरला नेले. चंद्रकोर बादलीच्या कडीसारखी फाटून सांध्याच्या मध्ये येऊन अडकली होती. तेथे व्यायामाने काय होणार? दाराच्या फटीत अडकलेला पाट काढावाच लागतो. परंतु डॉक्टरांनी ती कापली नाही, जागेवर सरकवून शिवली. चंद्रकोरीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्त पोचते, हे १९८२ साली बारकाईने दाखविले गेले; तेथली फाट शिवली तर जुळते, आतली सहसा जुळत नाही. त्या मुलीची फाट कडेला होती. दुर्बिणीतून असे शिवण्याची सुरुवातही जपानातलीच, १९६९ सालची. पण मूळ टाका एडिंबरोच्या त्या खाणकामगाराचा. ती मुलगी आज भरतीसाठी पळण्याचा सराव करते.

काकूंचे वय अठ्ठावन्न. त्यांच्या अहवालात फाट निघालीच. ती वयाची आहे, तीन महिने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करा, उकिडवे बसणे कमी करा, मग पाहू, असे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले. उकिडवे बसणे कमी करून धान कसे रोवावे हे फ्रेमिंगहॅमच्या खुर्चीवर बसणाऱ्या लोकांना विचारून उपयोग नाही, आणि डॉक्टरांनाही काकूंनी ते विचारले नाही. एक पाटा पायाला बांधून त्या रोज सकाळी ओट्यावर पाय ताणीत बसतात. त्यांच्या मुलाने मात्र शस्त्रक्रियेसाठी सोसायटीकडे अर्ज लिहून ठेवला होता, तो अजून माझ्याकडेच पडून आहे.

परवा दिवाळीची झाडलोट करताना ते पाकीट कपाटावरून खाली आले आणि काकू ते घेऊन माझ्याकडे आल्या. मी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. शोधता शोधता तो काळा त्रिकोण सापडला आणि त्यातली केसाएवढी पांढरी रेघही.

“गुरुजी, येवढीशीच?”

“एवढीच, काकू.”

बराच वेळ त्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

“अन् दुसऱ्या टोंगयाचा फोटू?”

“तो काढलाच नाही. तो दुखत नाही ना तुमचा.”

“मंग त्याच्यात नसन कशावरून?” असे म्हणून त्यांनी फिल्म पाकिटात घातली, आणि चौकट धरून उठून, शेणाचा सडा अर्धा राहिला म्हणत निघून गेल्या.